वापसा येण्याआधीचा शॉट

फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर. समोर पाण्याने भरलेली चाकोरी. दोन सेकंद काहीच घडत नाही. मग उजवीकडून सायकल येते, पुढचं चाक पाण्यात शिरतं आणि सगळं एकदम संथ होतं. चिखलाचा एकेक थेंब सुटा दिसायला लागतो, त्यातून कोवळं ऊन आरपार जातं, मागे दणदणीत बेस. पुढच्या शॉटमध्ये चिखलाने माखलेला चेहरा, दात तेवढे पांढरे. संपलं. २२ सेकंद.

ही रील तुम्ही पाहिलेली आहे. सायकल वेगळी असेल, डोंगर वेगळा असेल, पण रील हीच. मीही ती शंभरदा पाहिली आहे, आणि दोन वर्षांपूर्वी जानेवारीत वारूळवाडीच्या शिवारात स्वतः बनवलीसुद्धा. १९ हजार व्ह्यूज आले. तोवर माझ्या खात्यावर कशालाच चार आकडी व्ह्यूज आले नव्हते. त्या रीलपायी नंतर जे झालं ते पुढे सांगतो. आधी या चित्राबद्दल बोलू. कारण झाल्या प्रकारानंतर मी माझीच रील एखाद्या बगसारखी पुन्हा पुन्हा चालवून पाहिली, आणि मला वाटायला लागलं की दोष माझ्या एकट्याच्या अकलेचा नाही. या चित्राच्या घडणीतच काहीतरी गाळलेलं आहे.

* * *

आधी जागा समजून घेऊ. वारूळवाडी म्हणजे नारायणगावाला लागून असलेलं गाव, मीना नदीच्या खोऱ्यातलं. एकीकडे पुणे-नाशिक महामार्ग, दुसरीकडे ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं. खोडदच्या बाजूला सायकल घातली की जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसायला लागतात आणि पाठीमागे नारायणगड. सायकलवाल्याला याहून जास्त काय पाहिजे? २०१८मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून शनिवार-रविवारी पुण्याहून कॅरिअरवर सायकली बांधलेल्या गाड्या येताना दिसतात. मी त्यांचाच स्थानिक अवतार. आठवडाभर लॅपटॉपसमोर आणि रविवारी पहाटे बटणाच्या टायरवर.

थंडीत चिखल कुठून येतो, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. इंग्लंड-बेल्जियमकडे हिवाळ्यातला चिखल आभाळातून येतो. दिवस लहान, ऊन नावालाच, पाऊस रिपरिप चालूच, त्यामुळे जमीन वाळायची संधीच नसते. आमच्याकडे अवकाळीचा तडाखा सोडला तर डिसेंबर-जानेवारीत आभाळ कोरडं ठणठणीत असतं. तरीही चिखल असतो, कारण तो माणसाने आणलेला असतो. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत आणि तिथून सरीत येतं. हे पाणी आमचं एकट्याचं नाही. येडगावहून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. म्हणून आवर्तन म्हटलं की तारखा आल्या, पाळ्या आल्या, बैठका आल्या, भांडणं आली.

चारीच्या काठाने जी पायवाट जाते, तिला आम्ही सायकलवाले ट्रेल म्हणतो. म्हणजे थंडीत आमच्या ट्रेलवर जे डबकं लागतं, ते कुणाच्या तरी पाळीतून सांडलेलं असतं. माझ्या रीलमधल्या त्या सोनेरी थेंबांना मालक होता.

दुसरी गोष्ट मातीची. इथलं रान बहुतेक काळं. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेली ही माती पाणी प्यायली की फुगते, चिकटते, आणि वाळली की भेगाळून विटेसारखी कडक होते. पूर्ण पातळ चिखल सायकलला फार त्रास देत नाही, तो चाकावरून निथळतो. खरा छळ एक-दोन दिवसांनी सुरू होतो, जेव्हा चिखल आटून लोण्यासारखा होतो. तो टायरला थरावर थर बसतो, फोर्कमध्ये अडकतो, ब्रेकपाशी गच्च होतो आणि चाक फिरायचं थांबतं. चिखलासाठीचे खास टायर अरुंद असतात, त्यांची बटणं उंच आणि लांब लांब असतात, म्हणजे माती न अडकता फेकली जावी. काळ्या रानात तेही हात टेकतात. जुनी माणसं गमतीने सांगतात, पावसाळ्यात या रानात माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. शाळेत जाणाऱ्या पोरांनी मडगार्ड काढून टाकायचं, आणि रान लागलं की सायकल खांद्यावर घ्यायची. युरोपात याच कसरतीचा खेळ झालेला आहे, त्याकडे नंतर येतो.

* * *

आता चित्राकडे. कॅमेऱ्याला चिखल इतका का आवडतो?

सोपं उत्तर असं की चिखलाने वेग दिसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ३५च्या वेगाने जाणारा माणूस पडद्यावर खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. तोच माणूस ताशी १०ने डबक्यातून गेला की पाण्याचे पंख उघडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, काय सुसाट चाललाय. चिखल हा वेगाचा फुकटात मिळणारा पुरावा आहे. चेहऱ्यावर उडालेला चिखल हा कष्टाचा पुरावा. जुन्या हाणामारीच्या सिनेमात नायकाच्या ओठाच्या कोपऱ्यातून येणारा रक्ताचा थेंब जे काम करायचा, तेच काम इथे गालावरचा चिखल करतो.

गंमत अशी की ज्याने खरोखर काळ्या रानातल्या चिखलातून सायकल घातली आहे, त्याला माहीत असतं की तो अनुभव याच्या नेमका उलटा आहे. तो अत्यंत सावकाश असतो. दहा पायडल मारायची, थांबायचं, उतरायचं, बांधावरची काटकी मोडून घ्यायची आणि फोर्क आणि टायरच्या मधली माती उकरायची. पुन्हा दहा पायडल. आवाज बेसचा नसतो, फचाक-फचाक असा ओशाळवाणा असतो. माझ्या त्या सकाळी प्रत्यक्ष सायकल चालवली असेल २५ मिनिटं आणि काटकीने माती उकरली असेल ४० मिनिटं. रीलमध्ये काटकी एकदाही नाही.

मला वाटतं, चिखलातल्या सायकलीचं कुठलंही चित्रण खरं की खोटं हे या काटकीवरून ठरवावं. ज्यात काटकी आहे, म्हणजे चिखलाशी करावी लागणारी किरकोळ, कंटाळवाणी, न दिसणारी मेहनत आहे, ते चित्रण विश्वासाचं. ज्यात नाही, ते टायरच्या जाहिरातीचं.

या कसोटीवर तीन चित्रपट लावून बघू. तिन्ही मला आवडतात, म्हणूनच निवडले.

पहिला ‘अ संडे इन हेल’. डॅनिश दिग्दर्शक यॉर्गन लेथने १९७६ची पॅरिस-रूबे शर्यत चित्रित केली. फ्रान्सच्या उत्तरेतल्या दगडी शेतरस्त्यांवरून जाणारी ही शर्यत. पहिल्या महायुद्धाने तो मुलूख उद्ध्वस्त झाला होता, १९१९मध्ये त्या अवशेषांतून जाताना पत्रकारांना जे दिसलं त्यावरून तिला ‘उत्तरेतला नरक’ हे नाव पडलं. गंमत म्हणजे लेथच्या वाट्याला आलेल्या वर्षी चिखल नव्हताच, धूळ होती. तरी हा सिनेमा काटकीच्या कसोटीला उतरतो. त्यात सायकलची निगा जवळून दिसते, मेकॅनिकचे हात दिसतात, रस्त्याकडेला उभी राहिलेली माणसं दिसतात, शर्यत अडवून धरणारे निदर्शक कामगारही दिसतात. शेवटी रूबेच्या वेलोड्रोममधल्या त्या जुन्या न्हाणीघरात थकलेली माणसं अंगावरची माती धुताना दिसतात. जिंकलेलेही धुतात, हरलेलेही धुतात. लेथला माहीत आहे की मळलेल्या अंगाची गोष्ट ते धुतल्याशिवाय पुरी होत नाही.

याच शर्यतीची २०२१ची आवृत्ती कोविडमुळे एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये झाली, आणि २००२नंतर पहिल्यांदाच ती ओली झाली. जिंकलेला सोनी कोलब्रेली शेवटी मातीच्या पुतळ्यासारखा दिसत होता. त्याचा तो चेहरा जगभर फिरला, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आला. लेथचं न्हाणीघर मात्र आलं नाही. मला वाटतं आपल्या पिढीच्या चिखल-रील्सचा मूळ साचा हाच आहे: शेवटचा चेहरा ठेवायचा, आधीची निगा आणि नंतरची धुलाई कापून टाकायची.

दुसरा ‘द रिज’, २०१४चा. डॅनी मॅकस्किल हा स्कॉटलंडचा सायकलपटू आपल्या जन्मगावच्या, म्हणजे स्काय बेटावरच्या क्युलिन कड्यांवर जातो. आमच्या पिढीच्या कितीतरी पोरांनी पहिली माउंटन बाइक या फिल्ममुळे घेतली, मीही त्यातलाच. फिल्म प्रामाणिक आहे. सायकल पाठीवर टाकून तो कातळ चढतो हे ती लपवत नाही, म्हणजे काटकी आहे. मला अडखळायला होतं ते शेवटाकडच्या एका करामतीपाशी. उतरून सपाटीला आल्यावर वाटेत काटेरी तारांचं कुंपण लागतं. पुढचं चाक त्यावर आपटून तो हवेत पुढे कोलांटी मारतो आणि पलीकडे उतरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. आता पाहताना प्रश्न पडतो, कुंपण कुणाचं? एवढ्या सुंदर फिल्ममध्ये जमिनीला कुणीतरी धनी आहे याची सगळ्यात ठसठशीत खूण ते कुंपण आहे, आणि तिचा उपयोग उडी मारायला झालाय. मॅकस्किलने ना ते तोडलं ना कुणाचं नुकसान केलं, आणि तो त्या बेटाचा पोरगा आहे. तक्रार त्याच्याबद्दल नाही. ही नजर उचलून हजारो जणांनी जी चित्रं बनवली, त्यांत जमीन म्हणजे फक्त रंगमंच झाली. त्यात माणूस, मेंढी, बांध, पाळी असलं काही नसतं. ड्रोन जितका वर जातो, तितका बांध बारीक होत जातो.

तिसरा आपला, ‘सायकल’. प्रकाश कुंटे यांचा २०१८चा मराठी चित्रपट. यात माउंटन बाइक नाही, स्टंट नाही. कोकणातल्या केशव नावाच्या ज्योतिषाची पिवळी सायकल दोन चोर पळवतात, आणि जिथे जातील तिथे लोक सायकल ओळखतात, त्यामुळे चोरांचं पाहुण्यांसारखं स्वागत होत राहतं. माझ्या मुद्द्यासाठी एवढंच लक्षात घ्या: या चित्रपटातल्या सायकलीला पत्ता आहे. ती कुठल्याही गावात शिरली तरी कुणाची आहे हे लोक तिच्या रंगावरून सांगतात. उलट रीलमधला सायकलवाला हेल्मेट, गॉगल आणि चिखलाच्या आड इतका लपलेला असतो की तो कुठल्याच गावचा नसतो. मी माझ्याच गावात, माझ्या चुलत्यांच्या शेजारच्या रानात, स्वतःला असा बिनपत्त्याचा करून घेतला होता.

* * *

आता ती सकाळ.

रब्बीचं आवर्तन चालू होतं. चारी काठोकाठ वाहत होती आणि एका वळणावर पाणी वाटेवर आलेलं होतं. सूर्य नुकता उसाच्या तुऱ्यांवर आला होता. आमच्याकडे त्याआधी उसाच्या कडेने फिरणं शहाणपणाचं नाही, बिबट्या ही इथे अफवा नसते. मित्राने फोन खाली लावला आणि मी त्या वळणावरून गेलो. पहिल्या वेळी थेंब नीट आले नाहीत. दुसऱ्या वेळी फोनवर चिखल उडाला. असं करत मी सहा वेळा त्याच जागेवरून सायकल काढली, प्रत्येक वेळी चारीच्या काठाच्या थोडं आणखी जवळून, कारण तिथे पाणी जास्त होतं. दुपारी रील टाकली.

त्या रात्री तिथेच चारी फुटली. पाणी नानांच्या नुकत्याच लागण केलेल्या कांद्यात रात्रभर उभं राहिलं. वाफे तुडुंब, रोपं आडवी. आणि पुढे ज्यांची पाळी होती, त्यांचं रान कोरडं. पाळी गेली म्हणजे गेली, ती परत मागता येत नाही.

नाना सकाळी घरी आले. वडिलांनी चहा पुढे केला तो घेतला नाही. आमच्या घरी नानांनी चहा न घेण्याची ती पहिलीच वेळ. मी बाहेर आल्यावर म्हणाले, “बाळा, चारी फुटली तिथं तुझ्या चाकाचा माग हाय.”

मी इंजिनिअर. लगेच म्हणालो, नाना, खेकड्यांच्या भोकांमुळेही काठ फुटतो, सायकलच्या वजनाने कुठे...

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “खेकड्यानंबी फोडली आसंल. पन खेकडा शूटिंग करीत न्हाई.”

मग उठता उठता वडिलांकडे बघून एवढंच बोलले, “वापसा व्हईस्तवर रानात पाय घालू नये, ह्ये त्याला कुनी सांगितलं न्हाई का?”

चारी कशाने फुटली ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण यंत्रणा समजायला अवघड नाही. ओल्या मातीचा काठ मुळात कमजोर असतो. त्यावरून चाक गेलं की तो दोन-तीन बोटं खचतो. काठोकाठ वाहणाऱ्या पाण्याला तेवढी उतरंड पुरते. ते तिथूनच सांडायला लागतं, सांडताना माती नेतं, माती गेली की आणखी सांडतं. सहा फेऱ्यांत मी पाण्याला वाट काढून दिली असेल तर तेवढं पुरेसं होतं. पंचनाम्यात खेकडा सहआरोपी असला तरी मी सुटत नाही.

* * *

वापसा. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि तोवर कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमीन अशा अवस्थेला येते की ती ओलीही असते आणि पाय, अवजार, बैल पेलतेही. मातीत पाणी आणि हवा दोन्ही मापात असतात. तो वापसा. तो आला की पाळी घालायची, पेरायचं, खुरपायचं. त्याआधी रानात गेलं की माती तुडवली जाते, दबते, ढेकळं बनतात. ओळखायचं कसं? मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वापसा, नुसताच चेपला तर थांबा.

स्वीडनच्या अल्बर्ट अटरबर्गने १९११च्या सुमारास माती कुठल्या ओलाव्याला घट्ट राहते, कुठे मळता येते आणि कुठे वाहायला लागते याच्या मर्यादा ठरवल्या. सिव्हिलची पोरं प्रयोगशाळेत आजही त्या मोजतात. नाना त्या हातावर मोजतात.

मराठीत ओल्या जमिनीची अशी कितीतरी मापं आहेत. चिखल वेगळा, राड वेगळी, पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ वेगळा. निसरडं म्हणजे वरवर ओलं. चिबड म्हणजे पाणी मुरायला वाटच नाही म्हणून आजारी पडलेली जमीन, जिच्यावर पुढे मिठाची पांढरी साय येते. उसाला बेसुमार पाणी देऊन अशी किती रानं गेली हे कॅनॉलच्या पट्ट्यात विचारावं लागत नाही. यातला प्रत्येक शब्द पुढे काय करायचं हेही सांगतो: थांब, चर काढ, मुरूम टाक, जा. माझ्या रीलच्या कॅप्शनमध्ये या सगळ्यासाठी एकच शब्द होता, ‘मड’. पुढे आगीचे तीन इमोजी.

आणि खुद्द या खेळाला हे माहीत नाही असं समजू नका. माउंटन बायकिंगची जन्मकथा कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीची सांगतात. तिथे १९७६पासून काही टोळभैरव जुन्या दणकट सायकली घेऊन ‘रिपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती लावायचे. एका उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. (बघा, नावातच काटकी आहे.) पुढे त्याच डोंगरांवर पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांच्यात वाटांवरून भांडणं झाली, सायकलींना वाटा बंद झाल्या. त्या अनुभवातून १९८८मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन उभी राहिली. तिच्या वाटेच्या नियमांत माग न सोडण्याचा नियम आहे, आणि वाट ओली नि मऊ असेल तर दुसरा पर्याय बघा असं त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे वापसा येईपर्यंत थांबा.

ज्यांना चिखलातच खेळायचंय त्यांच्यासाठी सायक्लोक्रॉस आहे. युरोपातला हिवाळी खेळ, १९५०पासून त्याची जागतिक स्पर्धा होते. सायकल खांद्यावर टाकून चिखलात पळायचं, अगदी आमच्या शाळकरी पोरांसारखं. पण तिथे मैदान ठरलेलं असतं, दोऱ्या बांधून वाट आखलेली असते, मळलेली सायकल देऊन धुतलेली घ्यायची सोय वाटेतच असते. आपल्याकडे लांब कशाला, गोव्यातल्या माशेलला आषाढात देवकी-कृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला होतो. माणसं मनसोक्त लोळतात. तिथे दिवस ठरलेला, मैदान देवळापुढचं, आणि चिखल सगळ्यांचा.

चिखलाची हौस जिथे जिथे टिकली आहे तिथे तिच्यासोबत एक व्यवस्था आहे: जागा कुणाची, दिवस कुठला, नंतर दुरुस्त कोण करणार. आमच्यापर्यंत हौसेचं चित्र आलं आणि व्यवस्था तिकडेच राहिली. तीन वाक्यांच्या कॅप्शनमध्ये ती मावत नाही आणि २२ सेकंदांत ती कंटाळवाणी दिसते.

* * *

यावर मला मिळालेला एक आक्षेप जोरदार आहे, तो टाळत नाही. मित्र म्हणाला, “उसाच्या ट्रॉल्या रस्त्याची काय वाट लावतात ते बघ. तुझ्या १४ किलोच्या सायकलीने काय होतंय? गावातल्या पोराने जरा मजा केली की लगेच प्रवचन!”

वजनाचा हिशोब त्याचा बरोबर आहे. भरलेल्या ट्रॉलीपुढे माझी सायकल म्हणजे काहीच नाही. पण ट्रॉलीभोवतीचा व्यवहार बघा. तोडीच्या आधी काही दिवस उसाचं पाणी तोडतात. कारण वापसा नसताना ट्रॉली घातली तर ती रुतते, आणि मग ती काढायला दुसरा ट्रॅक्टर. ज्याच्या बांधावरून ट्रॉली जाणार त्याला आधी विचारतात. चाकोरी पडली तर नंतर मुरूम टाकून देतात, किंवा द्यायला हवा म्हणून भांडतात तरी. माझ्या मागाबद्दल भांडायलाही कुणाला जागा नव्हती, कारण मी कोण हे रीलमध्ये दिसतच नव्हतं. शिवाय काळ्या मातीतला जानेवारीतला माग वाळून दगड होतो आणि पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो. ज्या बाईला डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या काठावरून जायचंय, तिचा पाय त्या खाचेत रोज मुरगळणार असतो.

आणि मजेबद्दल. मजा खोटी नव्हती. पुण्यात भाड्याच्या खोलीत आठवडा काढून आल्यावर त्या गार पाण्यातून सायकल घालताना मला जे वाटलं, ते कुठल्याही टीकेने खोटं ठरत नाही. म्हणूनच मला हे चित्र टाकून द्यायचं नाही, दुरुस्त करायचंय. संगमनेरची प्रणिता सोमण याच खेळात राष्ट्रीय पातळीवर पोचली, म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या मुलामुलींना हा खेळ परका नाही. आपल्याला स्वतःची चित्रं लागणारच आहेत. त्यांत काटकी असावी, धुलाई असावी, बांध आणि बांधाचा धनी असावा, एवढंच माझं मागणं. चिखलाची चाहूल लागल्यावर सायकल वळवून मुरमाच्या रस्त्याला लागणारा माणूस कुणी अजून दाखवलेला नाही. तो शॉट कसा लावायचा यावर मी खरोखर विचार करतोय.

कांद्याचं म्हणाल तर मी आणि मित्राने दोन दिवस चारीचा काठ बांधला, रोपं पुन्हा लावायच्या मजुरीतला वाटा उचलला. नानांनी पैसे घेतले. ते घेतले याचं मला बरं वाटलं. रील मी काढून टाकली नाही आधी, खोटं कशाला बोलू. आठवडाभर ठेवली. मग काढली.

या जानेवारीत पुन्हा आवर्तन सुटलं. मी त्याच वळणावर, वाटेपासून लांब बांधावर, फोन लावला. सायकल नेली नव्हती. तीन दिवस, रोज सकाळी त्याच वेळी, त्याच जागेचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ. मला वापसा शूट करायचा होता. पहिल्या दिवशी माती चकाकत होती, आभाळ दिसत होतं तिच्यात. दुसऱ्या दिवशी चमक गेली, रंग फिकटला. तिसऱ्या दिवशी बारीक भेगा. तिन्ही तुकडे जोडून मी नानांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी चष्मा शोधला, फोन लांब धरून पाहिला, आणि दुसऱ्या दिवसाच्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, “ह्यो वापसा म्हनतोस का?”

मी म्हणालो, हो, वाळलेली दिसतेय की.

“दिसतीया,” नाना म्हणाले. “आतनं वली हाय. हात घातला व्हता का?”

नव्हता घातला. व्हिडिओ अजून फोनमध्येच आहे.